पाहुण्या माशाची नदी

मंडीहून कुल्लूकडे निघालं की औटचा लांब बोगदा लागतो. त्यात न शिरता उजवीकडचा रस्ता धरला की लारजी येतं. बियास, सैंज आणि तीर्थन या तीन नद्या इथं एकमेकींना मिळतात. एके काळी गळ टाकणाऱ्यांमध्ये या संगमाचं मोठं नाव होतं, कारण सपाटीवरून चढत येणारा सोनेरी महसीर इथपर्यंत पोचायचा. १९७७ साली खाली पंडोहला धरण झालं आणि त्याची वाट बंद झाली. पुढं लारजीलाच १२६ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. आज संगमाच्या जागी जलाशयाचं थांबलेलं, राखी रंगाचं पाणी दिसतं. शेजारच्या पार्वती आणि सैंज खोऱ्यांतलं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून टर्बाइनवर नेलेलं आहे. तीर्थनच्या मुख्य प्रवाहाच्या वाट्याला मात्र हे आलं नाही. लारजीच्या जलाशयापासून वर, बंजार, नागिनी, गुशैणी करत थेट ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातल्या उगमापर्यंत ही नदी मोकळी वाहते. ती मोकळी राहिली त्याचं एक मोठं कारण म्हणजे ट्राउट नावाचा मासा. आणि हा मासा इथला नव्हेच.

ट्राउट हिंदुस्थानात आला तो साहेबाच्या हौसेपायी. स्कॉटलंडातल्या ओढ्यांवर गळ टाकत वाढलेल्या माणसांना काश्मीरचं थंड, स्वच्छ पाणी बघून आपला मासा आठवला. १८९९मध्ये विलायतेहून निघालेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच मेली. १९००च्या अखेरीस दुसरी खेप स्कॉटलंडातल्या हॉवीटाउनच्या मत्स्यबीज केंद्रातून आली आणि ती जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी ती पिल्लं वाढवली, आणि हारवानच्या हौदांतून काश्मीरच्या नद्यांत ट्राउट पसरला. तिथूनच १९०९ साली अंडी कुल्लूत आली. कतराईंजवळ महिली इथं ती उबवली गेली आणि बियासच्या उपनद्यांत सोडली गेली. तीर्थनमध्ये आज जो तपकिरी ट्राउट सापडतो तो त्या माशांचा वंशज. त्याला इथं सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत.

आम्ही तीर्थनवर गेलो ते ऑक्टोबरात, कुल्लूचा दसरा उरकल्यानंतर. विजयादशमीला इतर ठिकाणचे दसरे संपतात तेव्हा कुल्लूचा सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. खोऱ्याखोऱ्यांतले देव पालख्यांतून ढालपूरच्या मैदानावर जमतात. बंजारचे शृंग ऋषीही जातात. देव परत आले की लोक गवत कापण्याच्या कामाला लागतात, आणि नदीवर माशांचा सर्वांत चांगला काळ सुरू होतो. पावसाचा गढूळपणा निवळलेला असतो आणि बर्फ अजून पडायचं असतं. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात मासेमारीला बंदी असते, कारण तो त्याचा विणीचा काळ. त्यामुळे ऑक्टोबर हा वर्षातला शेवटचा हंगाम. मार्च-एप्रिलही चांगलाच, पण मे लागला की वरचं बर्फ वितळून पाणी दुधाळ होतं आणि माशाला गळावरची माशी दिसत नाही.

आमच्याबरोबर गुशैणीचा एक तरुण वाटाड्या होता. घरची सफरचंदाची बाग आणि थोडी शेती तो सांभाळतो, हंगामात लोकांना नदीवर नेतो. मत्स्य विभागाचा परवाना खिशात, पायात साधे रबरी बूट. नदीवर उतरल्यावर त्याने छडी जोडलीच नाही. आधी गुडघाभर पाण्यात वाकून एक दगड उचलला आणि उलटा करून आमच्यापुढं धरला. दगडाच्या ओल्या पोटाला चपट्या अंगाच्या, तीन शेपट्यांच्या अळ्या चिकटल्या होत्या. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारीक नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळीत एक जीव. हे कीटक महिनोन्‌महिने पाण्याखाली असे राहतात, मग एखाद्या दुपारी वर येतात, पंख फुटतात, काही तासांत किंवा काही दिवसांत जोडी जमवून अंडी घालतात आणि मरतात. ट्राउटचं मुख्य खाणं ते हेच. पाणी घाण झालं किंवा गरम झालं की हे कीटक माशांच्या आधी नाहीसे होतात. म्हणून तो प्रत्येक ठिकाणी दगड उलटा करतो, आणि माणसांना पहिल्यांदा हेच शिकवतो. दगड जसा होता तसाच, पोट खाली करून ठेवायचा, यावर त्याचा कटाक्ष आहे.

मग त्याने थर्मामीटर पाण्यात सोडला. नऊ अंश. ऊन अजून दरीच्या तळाशी उतरलेलं नव्हतं. ते उतरेपर्यंत मासा वर येणार नाही, असं सांगून त्याने चहाचा थर्मास काढला.

फ्लाय फिशिंग म्हणजे नेमकं काय, हे इथं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या गळापेक्षा ते मुळातून वेगळं आहे. साध्या गळाला आमिष असतं, शिशाचं वजन असतं, आणि ते वजन दोऱ्याला ओढत नेतं. इथं आमिष म्हणजे बारीक गळावर पीस, केस आणि रेशीम गुंडाळून बनवलेली कीटकाची नक्कल. तिला वजन जवळजवळ नाहीच. म्हणून वजन दोऱ्यात असतं. दोरा जाड आणि जड, टोकाकडे निमुळता होत गेलेला. त्याला पुढं पारदर्शक, केसासारखा बारीक धागा आणि त्याच्या शेवटी माशी. पाग फेकणारा मालवणी कोळी जसा शिशाचे मणी लावलेल्या जाळ्याचा घेर हवेत उघडू देतो, तसंच इथंही दोरा पाठीमागं हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबावं लागतं. नवशिका तिथंच घाई करतो. दोरा मागं सरळ होण्याआधीच हात पुढं आणला की सगळा गुंता डोक्यावर येऊन पडतो.

पण फेक ही यातली सोपी बाजू. कठीण आहे ते पाणी वाचणं. ट्राउट प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून एका जागी उभा राहतो. वेगवान धारेत उभं राहायला फार शक्ती लागते आणि संथ पाण्यात खाणं फारसं वाहून येत नाही. म्हणून तो दोहोंच्या शिवेवर उभा राहतो, मोठ्या दगडाच्या आडोशाला, जिथून मान वळवली की शेजारच्या वेगवान धारेतला घास टिपता येतो. मासेमारानं ती शीव शोधायची असते. खालच्या बाजूनं, माशाच्या पाठीमागून जायचं, माशी त्याच्या वरच्या अंगाला टाकायची आणि ती नैसर्गिक वाहत्या कीटकासारखी खाली येऊ द्यायची. दोऱ्याच्या ओढीनं ती जराशीही घसटली तरी मासा ओळखतो. तासभर हे केलं की नदी एकसंध दिसेनाशी होते. तिच्यात वेगवेगळ्या वेगाचे पट्टे, भोवरे, उलट्या धारा, खोल खळगे दिसायला लागतात. कुठल्याही नदीकडे मी त्याआधी इतका वेळ, इतक्या बारकाईनं पाहिलं नव्हतं. मासा मिळो न मिळो, या नजरेसाठी हा खेळ मला मोलाचा वाटतो.

ऊन पाण्यावर आलं तशी पाण्याची कातडी इथं-तिथं हलू लागली. वाटाड्याने एका काळ्या शिळेमागच्या लहानशा वर्तुळाकडे बोट दाखवलं, तिसऱ्या-चौथ्या फेकीत माशी त्या शिवेवरून सरकली आणि पाणी फुटलं. मासा वीतभराहून थोडा मोठा होता. पिवळसर तपकिरी अंग, बाजूंवर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. गळाला उलटा काटा नव्हता. वाटाड्याने आधी हात पाण्यात बुडवून ओले केले, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो निघाला की त्याला बुरशी धरते. मासा पाण्याबाहेर काढलाच नाही. गळ सुटला, क्षणभर त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं, आणि तो निघून गेला.

या माशासाठी नदी कशी राखली गेली ती हकिकत बंजारमध्ये आजही आदरानं सांगितली जाते. या शतकाच्या पहिल्या दशकात तीर्थनवर लहान जलविद्युत प्रकल्पांचे प्रस्ताव येऊ लागले. ‘लहान’ हा शब्द इथं फसवा आहे. अशा प्रकल्पात मोठं धरण नसतं हे खरं, पण नदीचं पाणी एका जागी वळवून नळातून किंवा बोगद्यातून नेतात आणि काही किलोमीटर खाली परत सोडतात. मधला पट्टा हिवाळ्यात जवळजवळ कोरडा पडतो. असे चार प्रकल्प एकापाठोपाठ एक लागले की नदी उरतच नाही. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांनी खोऱ्यातल्या लोकांना बरोबर घेऊन याविरुद्ध आवाज उठवला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत नेलं. त्यांच्या म्हणण्यात ट्राउटला मोठं स्थान होतं: ही राज्यातली नावाजलेली ट्राउटची नदी, तिच्यावर मासेमार येतात, त्यांच्यावर गावं पोट भरतात. शेवटी तीर्थन प्रकल्पांपासून मुक्त ठेवण्याचा निर्णय झाला. ज्या राज्याचा महसूल मोठ्या प्रमाणात पाण्यापासूनच्या विजेवर उभा आहे, तिथं हा निर्णय होणं मला फार मोठी गोष्ट वाटते. पुढं २०१४मध्ये युनेस्कोनं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा या मोकळ्या नदीचं वरचं खोरं त्या वारशात आलं.

आता प्रश्न आहे तो या निर्णयाच्या पलीकडचा. धरण थांबवता आलं. पाऊस कसा थांबवणार?

८ ते १० जुलै २०२३ या दिवसांत पश्चिमेकडून आलेला वाऱ्याचा पट्टा आणि मॉन्सून हिमाचलावर एकमेकांना भिडले. बियासला पूर आला, सैंजची बाजारपेठ उद्ध्वस्त झाली, लारजीच्या वीजघरात पाणी आणि गाळ शिरून ते महिनोन्‌महिने बंद पडलं. तीर्थननंही आपला काठ खाल्ला. आम्ही जिथं उभे होतो त्याच्या थोडं खाली पूर्वी एक खोल डोह होता. मोठे मासे उन्हाळ्यात तिथंच राहायचे. आता तिथं घराएवढ्या शिळांचा ढीग आहे आणि त्यांच्यावरून पाणी पातळ होऊन पसरलेलं आहे. नदीनं दुसऱ्या बाजूला नवी घळ कोरली आहे. वाटाड्याने एकेक जागा दाखवत जुन्या नदीचा नकाशाच सांगितला: इथं झाड होतं, इथं पायवाट, इथून वडिलांबरोबर पलीकडे जायचो. त्यानंतर २०२५च्या पावसाळ्यातही कुल्लू जिल्ह्यानं ढगफुटीचे आणि पुराचे तडाखे सोसले. एका पुरानंतर नदी सावरते. वरच्या ओढ्यांतून कीटक वाहत येतात, दगडांवर पुन्हा शेवाळ धरतं, वर्षा-दोन वर्षांत माशांना नवे आडोसे सापडतात. पण पुढचा मोठा पूर ती सावरण्याआधीच आला तर?

ट्राउटचं वर्ष समजून घेतलं की यातला धोका नेमका कळतो. नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंडीत मादी शेपटीनं बारीक खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि पुन्हा खडीनं झाकते. खडीच्या फटींतून सतत ताजं पाणी वाहत राहिलं पाहिजे, नाहीतर अंडी गुदमरतात. वसंतात पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती नखाएवढी असतात. जुलैपर्यंत त्यांना जेमतेम तीन-चार महिने मिळतात, आणि तेवढ्यात ती पहिल्या पावसाळ्याला तोंड देण्याइतकी मोठी व्हावी लागतात. युरोपातल्या त्यांच्या पूर्वजांना मॉन्सून माहीत नव्हता. तरी शंभर वर्षं हा मासा इथं तगला, कारण नेहमीच्या पावसाळ्यात पिल्लांना कडेच्या ओढ्यांत, मुळांच्या जाळीत, मोठ्या दगडांमागं थारा मिळायचा. काठच वाहून गेला तर थाराही जातो.

आणि काठ केवळ पावसानं जात नाही. बंजारकडचा रस्ता रुंद करताना डोंगर उभा कापला जातो आणि निघालेली माती-दगड जागोजागी उतारावरून सरळ नदीकडे ढकललेले दिसतात. पाऊस पडला की ही बारीक माती पाण्यात येते, खडीच्या फटींत बसते आणि पुढच्या हिवाळ्यातल्या अंड्यांचा श्वास बंद करते. दुसरीकडे नदीच्या पात्रालगतच, पूररेषेच्या आत, तंबू आणि पर्यटकांसाठीची घरं उभी राहतायत. पाहुण्याला खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे, ही अट. पाण्याच्या इतक्या जवळ बांधलेलं घर वाचवायला मग संरक्षक भिंत लागते, आणि भिंतीनं नदी अरुंद होते, वेगवान होते, खालच्या माणसाचा काठ खाते. त्या घरांतल्या जेवणात येणारा ट्राउट बहुतेक वेळा नदीतला नसतो. तो हौदात वाढवलेला इंद्रधनुषी ट्राउट, म्हणजे रेनबो, ही वेगळी जात. कुल्लू खोऱ्यातल्या पतलीकुहलच्या केंद्रात नॉर्वेच्या मदतीनं हे मत्स्यपालन रुजलं आणि त्यानं अनेक घरांना उत्पन्न दिलं. पण हौदही नदीचंच पाणी पितात. पुराचा गाळ त्यांत शिरला की माशांचे कल्ले भरतात आणि एका रात्रीत सगळा हौद उताणा तरंगतो.

उष्णतेचा प्रश्न पुराएवढा डोळ्यांत भरत नाही, पण तो मला जास्त गंभीर वाटतो. तपकिरी ट्राउटला साधारण १० ते १८ अंशांचं पाणी मानवतं. २० अंशांच्या वर तो खाणं कमी करतो, त्याची दमछाक होते. यामागं साधं रसायन आहे. समुद्रसपाटीवर १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांच्या पाण्यात सुमारे ९. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे दोन्ही आकडे आणखी उतरतात. आणि पाणी गरम झालं की माशाच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं तर एप्रिल-मेमध्ये वरून येणारं थंड पाणी आटतं, आणि नदी उथळ झालेली असेल तर ती लवकर तापते. डोह भरून जाणं आणि पाणी तापणं या दोन गोष्टी म्हणून सुट्या नाहीत. खोल डोह हाच माशाचा उन्हाळ्यातला आसरा असतो. चांगले मासेमार उन्हाळ्याच्या दुपारी पाणी तापलेलं दिसलं की छडी गुंडाळून ठेवतात, कारण दमलेला मासा सोडून दिला तरी अनेकदा जगत नाही. आमच्या वाटाड्याचा थर्मामीटर त्यासाठीच असतो.

दुपारी आम्ही गुशैणीच्या वर चालत गेलो. गुशैणीला फलाचन हा मोठा ओढा तीर्थनला मिळतो. पार्कच्या दिशेनं जसजसं वर जावं तसतशी देवदारांची सावली दाट होते आणि पाणी काचेसारखं स्वच्छ. वाटाड्याच्या म्हणण्याप्रमाणे जोराच्या पावसानंतर शेजारची सैंज आठवडाभर गढूळ असते, तेव्हा तीर्थन दोन-तीन दिवसांत निवळते. वरचं जंगल शाबूत आहे, त्याचा हा परिणाम असावा. ७५४ चौरस किलोमीटरचं ते राष्ट्रीय उद्यान नदीच्या माथ्यावर आहे म्हणून तिच्यात अजून सावरायची ताकद आहे.

तिथंच एका शेतकरी आजोबांशी बोलताना त्यांनी विचारलं की साहेबांच्या माशामागं एवढं काय, आमच्या गुगलीचं काय झालं ते विचारा. प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. गुगली म्हणजे हिमालयाचा मूळचा मासा, स्किझोथोरॅक्स. इंग्रजीत त्यालाही ट्राउटच म्हणत असले तरी तो कार्प कुळातला. आज त्याची नोंद जागतिक पातळीवर असुरक्षित जातींत आहे. धरणांनी त्याच्या वाटा अडवल्या, आणि अनेक ओढ्यांत त्याला तपकिरी ट्राउटशी जागा आणि अन्न वाटून घ्यावं लागलं, पिल्लंही ट्राउटच्या तोंडी गेली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींची एक यादी आहे. तीत तपकिरी ट्राउटही आहे आणि रेनबोही.

एका नदीतला मासा दुसरीत सोडल्यानं काय होतं, याचं एक उदाहरण मराठी वाचकाला फार जवळचं वाटेल. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा पॉवरनं १९७०च्या दशकात महसीरच्या पैदाशीचं काम सुरू केलं. धरणांनी तुटलेल्या या राजस माशाला वाचवण्याचा तो प्रामाणिक आणि यशस्वी प्रयत्न होता. दख्खनच्या खुद्री महसीरची लक्षावधी पिल्लं तिथून देशभर गेली. त्यांतली काही कावेरीत सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा एक महसीर आहे, पाठीला कुबड असलेला, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. खुद्री तिथं फोफावला आणि कुबड्या महसीर जवळजवळ दिसेनासा झाला. २०१८ साली तो कोणती जात हे निश्चित झालं आणि त्याच वर्षी त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं गेलं. खुद्री काही परदेशी नव्हता, शेजारच्याच राज्यातून आलेला होता. नदीला मात्र तेवढाही फरक पुरला. याउलट महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला वरदायिनी देवीच्या नावानं राखलेला डोह आहे. तिथले मासे कुणी पकडत नाही.

म्हणून मला वाटतं, तीर्थनमध्ये आणखी ट्राउट सोडत राहणं हा उपाय नव्हे. जे आहेत ते इथं स्वतःच्या बळावर विणतात, त्यांना तेवढं करू द्यावं. गुगलीसाठी कडेचे काही ओढे पूर्ण राखून ठेवावेत आणि तिथं ट्राउट जाऊ देऊ नये. मासेमारांनी दिलेल्या परवान्याच्या पैशातून पाण्याची मोजणी व्हावी. रस्त्याची माती कुठं टाकली जाते यावर नजर ठेवायला परवानाधारकांइतकी योग्य माणसं नाहीत, कारण गढूळपणा पहिल्यांदा त्यांनाच दिसतो. ट्राउटनं या खोऱ्याला एकदा न्यायालयात जायचं बळ दिलं. ते बळ आता नदीच्या काठासाठी आणि खडीसाठी वापरायला हवं, त्यात गुगलीचाही वाटा असावा.

परतताना वाटाड्याने आपली वही दाखवली. तारीख, जागा, पाण्याचं तापमान सकाळी आणि दुपारी, पाण्याचा रंग, दगडाखाली कोणते कीटक, कोणता मासा. शाळेतली चौरेघी वही, पेन्सिलीनं लिहिलेली. फलाचनच्या तोंडाजवळचे आणि खाली नागिनीचे आकडे त्यात शेजारी शेजारी आहेत. उन्हाळ्यात दोन्हींमध्ये बराच फरक पडतो, आणि कडेचा ओढा थंड राहतो. सई रोपाला पार्कचं केंद्र आहे, तिथल्या लोकांना ही वही दाखवायचा त्याचा विचार आहे. पण आधी एक पुरा हिवाळा नोंदवायचा राहिलाय. मासेमारी बंद असते तेव्हा नदीवर जायचं कारण नसतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीची पानं कोरी आहेत. अंडी तर त्याच महिन्यांत खडीत असतात. या वर्षी तो परवान्याशिवाय, फक्त थर्मामीटर घेऊन, दर आठवड्याला जाणार आहे.